चौसष्टच्या आधीची

बंदूक या वस्तूशी माझा संबंध आयुष्यात तीनदाच आला. पहिला दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाशी. दहा टिकल्यांतली एक पिस्तुलात उडायची आणि उरलेल्या नऊ आम्ही चाळीच्या जिन्यावर दगडाने ठेचून उडवायचो. तेव्हा पिस्तुलापेक्षा दगड हेच अधिक भरवशाचं शस्त्र आहे, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं. दुसरा संबंध जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीशी. तिची नळी मालकानेच बेताने वाकवलेली असायची. लाल फुग्यावर नेम धरला की धोका असलाच तर शेजारच्या भेळवाल्याला. तिसरा संबंध नोकरीतला. आमच्या बँकेच्या दारात दोननळी घेऊन बसणारा एक पहारेकरी होता आणि त्या दोननळीच्या लायसन्सच्या नूतनीकरणाची फाईल माझ्या टेबलावर होती. १९५९च्या शस्त्र कायद्याचा माझा सगळा अभ्यास कलेक्टर कचेरीच्या बाकावर बसून झालेला आहे. बंदूक चालवायला काय लागतं ते मला ठाऊक नाही. बंदूक बाळगायला किती झेरॉक्स लागतात, ते मात्र मी झोपेतही सांगेन.

अशा माणसाला कुणी रायफलीच्या खरेदीला सल्लागार म्हणून नेईल, असं माझ्या कुंडलीत नव्हतं. पण ते घडलं, आणि तेही साक्षात अमेरिकेत.

२०२४च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. तिचं घर पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात, पिट्सबर्गपासून तासाभरावर, गाव संपून जंगल सुरू होतं तिथे. घराला कुंपण नाही. त्यामुळे संध्याकाळ झाली की पांढऱ्या शेपटीची हरणं खुशाल अंगणात येत. पहिल्या आठवड्यात ही खिडकीशी उभी राहून म्हणायची, "अहो, कण्वमुनींच्या आश्रमात आल्यासारखं वाटतंय नाही?" दुसऱ्या आठवड्यात कण्वमुनींच्या या लेकरांनी हिने कुंड्यांत लावलेली मेथी एका रात्रीत मुळासकट फस्त केली. सकाळी रिकाम्या कुंड्यांपुढे उभी राहून ही म्हणाली, "यांच्यावर इथे काही औषध नाही का हो?"

औषध शेजारीच राहत होतं. शेजारच्या गृहस्थांचं नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून हिने त्यांचं 'दाढीवाले आजोबा' करून टाकलं होतं. वय शहात्तर, पोलाद कारखान्यातून घरी बसलेले, एकटेच. कुंड्या बघून ते म्हणाले, "नोव्हेंबरपर्यंत थांबा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलीचा हंगाम सुरू होतो. यंदा माझी नात पहिल्यांदाच येणार आहे. बारा वर्षांची झाली. शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग पुरा करून तिने परवाना काढलाय. तिच्यासाठी एक लिव्हरवाली रायफल बघायची आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात ना? तुमची मुलगी सांगते, तुम्ही भाव फार चांगला करता. येता का बरोबर?"

मुलगी हे कौतुकाने सांगत नसून तक्रार म्हणून सांगत असणार, हे मला ठाऊक होतं. इथल्या सुपरमार्केटात केळ्यांच्या घडाचा भाव कमी करायला लावताना तिने मला एकदा हाताला धरून बाहेर काढलं होतं. पण गुणांची चहा झाली की माणूस विरघळतो. मी हो म्हटलं.

घरात खळबळ उडाली. अमेरिकेतल्या बंदुकांच्या बातम्या वाचून हिची आधीच झोप उडालेली. "कशालाही हात लावू नका," असं तिने बजावलं. जावयाने तर कायदाच सांगितला. आमच्यासारख्या पाहुण्या व्हिसावाल्याला इथला शिकारीचा परवाना असल्याशिवाय बंदूक घेता येत नाही आणि बाळगताही येत नाही. हे त्याने दोनदा सांगितलं. सासरा परतीच्या विमानात रायफल खांद्याला लावून चढणार, अशी त्याची समजूत झालेली दिसली.

वाटेत आजोबांनी माझा वर्ग घेतला. चापाभोवतीचं लोखंडी कडं या रायफलीत मागे हँडलसारखं वाढवलेलं असतं. त्यात बोटं घालून ते खाली ढकललं की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं. वर ओढून घेतलं की नवं काडतूस आत जाऊन बसतं. हे त्यांनी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने माझ्या छत्रीवर करून दाखवलं. मला गावाकडचा हापसा आठवला. प्रत्येक बाराला एकदा हापसायचं. पेनसिल्व्हेनियात हरणावर आपोआप भरणारी रायफल चालतच नाही. म्हणून ही दीडशे वर्षांमागची कळ तिथे अजून नेकीने नोकरी करते आहे.

काडतुसं ठेवायला मोठ्या नळीखाली एक बारीक नळी असते. तीत ती एकामागे एक उभी राहतात, मागचीचं नाक पुढचीच्या बुडाला लावून. म्हणून या गोळ्यांचं नाक बोथट ठेवायचं. टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टिकलीवर टेकलं आणि धक्का बसला, तर नळीतच दिवाळी. टिकली म्हणताच मला विषय समजला. गर्दीच्या लोकलमध्ये मागच्याच्या छत्रीचं टोक ज्याने अनुभवलं आहे, त्याला हे तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. अलीकडे मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, पण आजोबा बोथट नाकाचेच अभिमानी.

"तुम्ही अशी रायफल कधी बघितली आहे?" त्यांनी विचारलं. बघितली होती की! न्यू एम्पायरच्या पडद्यावर. १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन तीच एका हाताने गर्रकन फिरवतो. मी हे सांगताच आजोबा हसले. म्हणाले, "गोष्ट आहे १८८०च्या आसपासची आणि त्याच्या हातातली रायफल आहे १८९२च्या मॉडेलची." म्हणजे रामाच्या मनगटावर घड्याळ दिसायची पद्धत फक्त आपल्याच नाटकांत नव्हती. मला फार बरं वाटलं.

दुकान मोठं होतं. एका बाजूला मासे पकडायचे गळ, एका बाजूला बूट, आणि मध्ये झेंडूच्या रंगाच्या टोप्या नि जाकिटं. हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच हा रंग अंगावर असावाच लागतो. तो हरणाला आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. एकमेकांना हरीण समजण्याची भीती माणसांनाच असल्यामुळे हा कायदा.

भिंतीवर रायफली ओळीने उभ्या होत्या. मी आल्याबरोबर किमतींच्या चिठ्ठ्या वाचायला लागलो. हजार नव्वद. बाराशे एकोणचाळीस. तेराशे. अमेरिकेत कोणतीही किंमत बघितली की माझ्या डोक्यात चौऱ्याऐंशीचा पाढा सुरू होतो. बाराशे गुणिले चौऱ्याऐंशी म्हणजे लाख रुपये! शिवाय गोळ्या वेगळ्या. वीस काडतुसांचं खोकं चाळीस डॉलरांच्या आसपास, म्हणजे एका बाराला दीडशेच्या वर रुपये. एवढ्यात आमच्या डोंबिवलीत ताटभर जेवण होतं, आणि ते नेम चुकला तरी पोटातच जातं. आजोबा म्हणाले, "आता मिळतायत तरी. २०२०-२१मध्ये ही फडताळं रिकामी होती. आहेत त्या गोळ्या मोजून वापरायच्या, असे दिवस होते."

दुकानदार चाळिशीचा, बोलका. त्याने पहिली रायफल काढली ती विंचेस्टर. हे घराणं थोर. मूळ पुरुष ऑलिव्हर विंचेस्टर न्यू हेवनला सदऱ्यांचा कारखाना चालवायचा. सदरे शिवता शिवता तो बंदुकांत शिरला. १८६६, १८७३ अशी मॉडेलं निघाली. मग युटाच्या जॉन ब्राउनिंगने १८९४चं मॉडेल काढून दिलं. त्याच्या सत्तर लाखांवर रायफली विकल्या गेल्या. दहा लाखावी १९२७ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली.

"न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला," दुकानदार म्हणाला. "आता ही जपानात होते. शिकोकू बेटावर, मिरोकूच्या कारखान्यात. काम बघा! एवढी सफाई न्यू हेवनलाही कधी नव्हती."

खरोखरच सुबक काम होतं. लाकूड आणि पोलाद जिथे भेटतं तिथे नखही गेलं नसतं. आजोबांनी रायफल हातात घेतली, लिव्हर एकदा खाली-वर केली, मान डोलावली आणि परत दिली. "उत्तम आहे," ते म्हणाले. "माझे वडील तीन वर्षं तिकडे पॅसिफिकमधल्या बेटांवर जपान्यांशी लढले. त्यांची आठवण म्हणून ही कशी नेऊ?" दुकानदार काही बोलला नाही. त्याने रायफल मुकाट्याने जागेवर ठेवली.

दुसरी निघाली मार्लिन. तिची कथा म्हणजे एखाद्या जुन्या वाड्याच्या वाटणीची कथा. १८७०ला सुरू झालेलं घर. रिकामं काडतूस वर न उडता बाजूने पडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसवता येते, हा तिचा मोठा गुण. २००७च्या अखेरीस रेमिंग्टनने हे घर घ्यायचं ठरवलं. पुढे नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून यंत्रं न्यूयॉर्क राज्यात नेली. यंत्रं गेली, पण जुने कारागीर गेले नाहीत. ते आपापल्या घरी गेले आणि बोटांतली मापंही बरोबर घेऊन गेले. पुढली काही वर्षं शिकाऱ्यांत ओरड होती. लोक जुन्या मालावरचा 'जेएम' हा छाप शोधत हिंडायचे. २०२०मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, तेव्हा रुगरने मार्लिन विकत घेतली. २०२१च्या शेवटी नॉर्थ कॅरोलायनातून पुन्हा माल यायला लागला. "आता एक नंबर आहे," दुकानदार म्हणाला. "फक्त किंमतही एक नंबर आहे."

तिसरी हेन्री. १८६०ची हेन्री रायफल प्रसिद्ध. एकदा भरली की सोळा बार. पण आजची हेन्री कंपनी निघाली १९९६ साली ब्रुकलिनमध्ये. जुन्या हेन्रीशी नातं फक्त नावाचं, म्हणजे दत्तक घेतल्यासारखं. तिची लहान बावीस बोअरची रायफल हलकी, गोजिरवाणी, आणि या भिंतीवर सगळ्यांत स्वस्त. मी ताबडतोब तिच्या बाजूने झालो. पण बावीसने हरीण मारायला कायद्याने बंदी आहे. माझा सल्ला असा पहिल्याच बारात फुकट गेला.

शेवटी आजोबांनी विचारलं, "चौसष्टच्या आधीची आहे का?"

दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. मी विचारलं, "चौसष्टच्या आधीची म्हणजे?" त्यावर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पंढरपुरात जाऊन विठोबा कोण म्हणून विचारलं.

१९६४ साली विंचेस्टरने खर्च कमी करायला बनवायची रीत बदलली. काही भाग पोलादातून कोरून काढायचे ते पत्र्यातून ठोकून काढायला लागले. भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या. बार उडायचा तो उडतच होता. पण हातात घेतली की लिव्हर खुळखुळायची. झालं! तेव्हापासून या धर्मात दोन युगं पडली, चौसष्टपूर्व आणि चौसष्टोत्तर. ओळखायचं क्रमांकावरून. २७ लाखांच्या अलीकडचा आकडा असला तर कुलीन, पुढचा असला तर आपली चारचौघांसारखी. लोक कुलीनतेचे पैसे मोजतात.

परतताना आजोबा बराच वेळ गप्प होते. मग आपणहून सांगायला लागले. वडील लढाईवरून आले. १९४८ साली पगारातून पैसे साठवून त्यांनी चौऱ्याण्णवची थर्टी-थर्टी घेतली. तिचा पल्ला फार नाही, दीडशे यार्डांच्या आतलं काम. पण इथल्या जंगलात त्याहून लांबचं दिसतं कुठे? आजोबा स्वतः बाराव्या वर्षी तीच घेऊन वडिलांबरोबर गेले. पुढे वडील वारले. १९८२मध्ये कारखान्यातून माणसं कमी केली त्यात यांचं नाव आलं. घरात दोन लहान मुलं. रायफल सव्वाशे डॉलरला गेली.

"तेव्हा वाटलं, काम लागलं की परत घेऊ," ते म्हणाले.

मी एकदम गप्प झालो. कारण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझे वडील लालबागला गिरणीत साचेवाले आणि रात्री भजनी मंडळात पेटीवाले. पेटी त्यांची स्वतःची होती. आतले सूर जर्मन. सहाव्या महिन्यात वाण्याची उधारी आणि माझी परीक्षेची फी एकदम उभी राहिली. पेटी गेली साडेतीनशेला. वडील म्हणाले, "संप मिटला की परत आणू." अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. त्यामुळे पेटी परत आणायची तारीखही कधी आली नाही.

मला नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवाळीला मी नवी पेटी आणली. चकचकीत, पालिताण्याच्या सुरांची. वडिलांनी भाता ओढला, दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "उत्तम आहे." झाकून ठेवली ती पुन्हा कधी उघडली नाही. मला तेव्हा राग आला होता. आता गाडीत बसल्या बसल्या कळलं, की वडीलही चौसष्टच्या आधीच्याच शोधात होते.

मी आजोबांना पेटीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत भजन सांगायला मला त्रास पडला, पण साडेतीनशे रुपये त्यांना लगेच समजले.

पुढचे दोन शनिवार आम्ही वापरलेल्या मालाची दुकानं पालथी घातली. दुसऱ्या शनिवारी एका आडगावच्या लहान दुकानात, गिटार आणि लाकूड कापायच्या करवतींच्या मधोमध ती उभी होती. क्रमांक २१ लाखांच्या घरातला, म्हणजे पन्नाशीच्या दशकातली. हाताने तोलून नेताना जिथे मूठ बसते, तिथला निळसर काळा रंग घासून पोलाद चांदीसारखं पांढरं पडलं होतं. आजोबांनी लिव्हर खाली ढकलली, वर घेतली. कुठे खुळखुळाट नाही. चांगल्या तिजोरीचं दार लागावं तसा आवाज. किंमत नऊशे पन्नास.

आणि दस्त्यावर, उजव्या बाजूला, कुणीतरी चाकूने कोरलेली दोन अक्षरं. ई. एम.

ती बघताच माझ्यातला लालबागकर जागा झाला. मी दुकानदाराला म्हटलं, "साहेब, यावर नाव आहे. आमच्याकडे नाव घातलेलं भांडं मोडीत काढलं की भाव पडतो. परक्याचं नाव कोण घरात ठेवणार?" मग मी रंग उडालेला दाखवला, एक स्क्रू झिजलेला दाखवला, घड्याळाकडे बघितलं आणि दादरच्या बाजारात छत्तीस वर्षं उपयोगी पडलेली चाल टाकली. "चला," म्हणून दाराकडे निघालो. आजोबा जागचे हलेनात, त्यामुळे चालीतली निम्मी जान गेली. तरी आठशे पंचवीसला सौदा तुटला. आजोबांनी फॉर्म भरला, दुकानदाराने पोलिसांकडे चौकशी केली, आणि पाव तासात रायफल गाडीत. कलेक्टर कचेरीतली माझी वर्षं डोळ्यांपुढून सरकली. एवढ्या झटपट बंदूक मिळावी याची मनातून भीती वाटली, हेही खरं सांगतो.

गाडीत मी खुशीत म्हटलं, "घरी गेलात की ती अक्षरं घासून टाका. जरा पॉलिश मारा."

"छे," आजोबा म्हणाले. "त्या अक्षरांमुळेच तर घेतली. चाकूने कोरलंय म्हणजे कुणाच्या तरी बापाची आहे. माझी जिथे गेली, तिथे तिच्यावरचं आमचं नावही कुणी घासलं नसेल, अशी आशा."

ज्या अक्षरांवर मी सव्वाशे डॉलर कमी करून घेतले, त्या अक्षरांसाठी हा माणूस सव्वाशे जास्त द्यायला तयार होता. सव्वाशे! आकडाही तोच निघाला. मी पुढे काही बोललो नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे नात झेंडूच्या रंगात न्हाऊन आली. आम्ही चहा घेऊन बाहेर उभे होतो. तिने दस्त्यावर बोट फिरवून विचारलं, "आजोबा, ई. एम. म्हणजे कोण?"

"चांगला माणूस होता," आजोबा म्हणाले. "हत्यार नीट ठेवायचा."

जानेवारीत आम्ही परत आलो. डोंबिवलीला पोचल्यावर चौथ्या दिवशी मी दादरला वाद्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो. दोन वर्षांपूर्वी तिथे एक पेटी बघून मी नाकारली होती. सूर जर्मन, पण वरच्या फळीवर कुणा परक्या गृहस्थांचं नाव कोरलेलं, 'कै.' लावून. पेटी अजून तिथेच होती. नाव असल्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून दुकानदार स्वतःच किंमत कमी करायला लागला. मी भाव न करता पैसे दिले. छत्तीस वर्षांच्या संसारात ही माझ्याकडे इतक्या संशयाने कधीच बघत नव्हती.

मला पेटी वाजवता येत नाही. रोज संध्याकाळी भाता ओढतो आणि एक पट्टी दाबून बसतो. खालच्या मजल्यावरचे लोक अजून सभ्यपणे वागतायत.

परवा मुलीचा फोन आला होता. नातीला यंदा हरीण मिळालं नाही. एकच बार काढला, तोही झाडाला लागला. हिने ऐकून हळहळ व्यक्त केली आणि विचारलं, "मग मेथीचं काय?"

"पुन्हा गेली," मुलगी म्हणाली.